पडद्यातली पिन

मराठीच्या प्राध्यापिकेने लिहायचे थांबवले, तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. कोपऱ्यावरच्या हलवायाने चार दिवस पेढे केले नाहीत, तर पाचव्या दिवशी गिऱ्हाइके चौकशीला येतात. नळाला एक दिवस पाणी आले नाही, तर साऱ्या सोसायटीत हलकल्लोळ होतो. पण कथा लिहिणाऱ्या बाईंची कथा बारा वर्षे कुठे छापून आली नाही, तरी जगाचे काही अडत नाही. फार तर एखादा जुना वाचक लग्नकार्यात भेटतो आणि जिलबीचे ताट येता येता विचारतो, "हल्ली बरेच दिवसांत तुमचं काही वाचलं नाही?" आपण म्हणतो, "वेळच होत नाही हो!" तोही समजुतीने मान हलवतो आणि जिलबीकडे वळतो.

'वेळ होत नाही' हे उत्तर मोठे सोयीचे असते. ते खोटेही नसते. तास असतात, उत्तरपत्रिका असतात, मूल्यांकनाच्या फायली असतात, घरी पोळ्या असतात आणि दहावीतली मुलगी असते. पण सुट्टी लागली, मुलगी आजीकडे गेली, टेबल पुसून झाले, कोरे कागद मांडून झाले, तरीही जेव्हा एक ओळ पुढे सरकत नाही, तेव्हा या उत्तरात काही अर्थ उरत नाही.

काय होत असे, ते सांगते. माझ्या हाती लाल शाईचे पेन येऊन वीस वर्षे झाली. या वीस वर्षांत उत्तरपत्रिकांच्या समासात 'पाल्हाळ', 'पुनरुक्ती', 'मुद्दा सोडून', 'उदाहरण द्या' असे शेरे मी किती वेळा मारले असतील, त्याची गणती नाही. ते माझे कामच आहे आणि ते मी चोख करते. पण हात फार काळ एकच काम करू लागला, की त्याचे वळण मनालाही लागते. मी कथा लिहायला बसले, की निळ्या पेनाच्या आधी लाल पेन कागदावर उतरे. 'संध्याकाळ झाली होती' असे लिहावे, तर मनातले परीक्षक म्हणत, "हे किती जणांनी लिहून ठेवले आहे!" 'सांज कलली होती' असे करावे, तर ते म्हणत, "कृत्रिम!" मग संध्याकाळच काढून टाकायची. संध्याकाळ गेली, की संध्याकाळी घरी येणारा माणूसही जाई. शेवटी कागदावर राही ती एक तारीख आणि चहाच्या कपाचे वर्तुळ.

या परीक्षकांनी माझी एक कथा सहा वर्षे अडवून धरली होती. ती माझ्या बाबांची होती.

कोकणातल्या आमच्या खेड्यात बाबा पोस्टाचे शाखा डाकघर चालवीत. आमच्या पडवीतच त्यांचे टेबल, तराजू, तारखेचा शिक्का आणि कुलपाची पेटी. गावातली निम्मीअधिक कर्ती माणसे मुंबईला गिरण्यांत. त्यामुळे गावाला पत्रांपेक्षा मनीऑर्डरींची ओढ अधिक. माझा जन्म १९८१ चा. दुसऱ्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबत गेला, तशी आमच्या पडवीतली थैली हलकी होत गेली. मला त्यातले काही आठवणे शक्य नाही. पण आई सांगे. थैली आली, की बायका पायरीशी येऊन उभ्या राहत. "माजी मनीआर्डर इली काय हो, मास्तर?" आणि बाबा, थैली स्वतःच्या हातांनी उघडलेली असूनही, त्यांच्यासमोर तो सारा गठ्ठा पुन्हा चाळीत. एकदा चाळून झाला की परत एकदा. मग मान वर करून म्हणत, "आज नाय गो."

एवढीच कथा. बाबा गेले त्या वर्षी मी ती लिहायला घेतली आणि पहिल्या परिच्छेदापुढे गेले नाही. बाबांना 'खिन्न' म्हणावे तर भडक वाटे, न म्हणावे तर कोरडे वाटे. तो परिच्छेद मी किती तऱ्हांनी लिहिला असेन! प्रत्येक वेळी परीक्षक गुण देत आणि ते उत्तीर्ण होण्याइतके कधीच नसत.

अशा अवस्थेत मी अभिनय शिकायला गेले, असे म्हटले तर ते फार ठरवून केल्यासारखे वाटेल. तसे काही नव्हते. कॉलेजच्या नाट्यमंडळाचे काम त्या वर्षी माझ्याकडे आले. पुण्यात हे काम साधे नसते. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाचे दिवस जवळ आले, की एरवी तासाला न दिसणारी मुले रात्री उशिरापर्यंत तालमीला दिसू लागतात. शहरातल्या एका हौशी नाट्यमंडळींनी अभिनयाचे शिबिर ठेवले होते. बारा रविवार, सकाळी दहा ते एक, महापालिकेच्या शाळेचे सभागृह. आमची चार मुले जाणार होती. त्यांच्यासोबत जावे आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून उत्तरपत्रिका तपासाव्यात, असा माझा साधा बेत. पण शिबिर घेणाऱ्या ताईंचा नियम होता, की सभागृहात प्रेक्षक नको. आत येईल तो करील. ज्याला नुसते पाहायचे आहे त्याला बाहेर व्हरांडा आहे. व्हरांड्यात ऊन होते. मी आत गेले.

घरी हे सांगितले, तेव्हा आमच्या यजमानांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. "अगं, या वयात? गुडघ्यांना विचारलंस का?"

मी म्हटले, "डॉ. श्रीराम लागू १९६९ साली डॉक्टरकी सोडून पूर्ण वेळ रंगभूमीवर आले, तेव्हा तेही काही विशीतले नव्हते."

"ते कान-नाक-घशाचे डॉक्टर होते," हे म्हणाले. "तू वीस वर्षं दुसऱ्यांचे कान आणि स्वतःचा घसा वापरते आहेस!"

शिबिरात आम्ही अठरा जण होतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, रात्रपाळी उरकून येणारी एक नर्स, रिक्षा चालवणारा एक तरुण, संगणकाच्या कंपनीतली दोन मुले, आमचे विद्यार्थी आणि असेच काही. विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यापासून सर्वांत लांबचा कोपरा पकडला.

पहिल्या रविवारी ताईंनी फक्त चालायला सांगितले. अनवाणी, सभागृहभर. "कसं चालता ते बघू नका. कुठे जायचंय ते ठरवा आणि तिकडे जा." आणि मौज अशी, की चव्वेचाळीस वर्षे चालत आलेल्या मला चालता येईना! हातांचे काय करावे, तेच कळेना. कॉलेजात एका हातात हजेरीपट आणि दुसऱ्यात खडू असतो. त्यामुळे हात हा प्रश्नच कधी उभा राहिला नव्हता. भरताच्या नाट्यशास्त्रात डोक्याच्या तेरा हालचाली आणि छत्तीस दृष्टी सांगितल्या आहेत. 'आकंपित, कंपित, धुत, विधुत' ही यादी मी एम. ए. ला घडाघडा म्हणून दाखवली होती. आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार तर दरवर्षी वर्गात सांगते. पण हे सगळे सांगताना माझे स्वतःचे डोके जागचे हलले नव्हते, हे मला त्या सभागृहात समजले.

दुसऱ्या रविवारी आवाज. सतरंजीवर उताणे पडायचे, पोटावर वही ठेवायची आणि श्वासाने वही वर-खाली करायची. काका दहा मिनिटांत घोरू लागले. आमची मुले खुसखुसू लागली. ताई शांतपणे म्हणाल्या, "हसू नका. ऐका. सबंध सभागृहात पोटातून श्वास फक्त हेच घेताहेत!"

तिसरा रविवार मात्र माझी परीक्षा पाहणारा होता. त्या दिवशी निरर्थक भाषेत बोलायचे होते. तोंडाला येतील ते आवाज काढायचे, ओळखीचा एकही शब्द वापरायचा नाही आणि तरी समोरच्याला अर्थ पोचवायचा. मला मिळाली भाजीवालीची भूमिका, काका गिऱ्हाईक. विकायचे होते वांगे. मी प्रत्यय आणि प्रयोग शिकवून पोट भरणारी बाई! क्षणभर माझी वाचाच बसली. मग कसेबसे तोंडातून आले, "लबुका झिमटी फरांडो!" काकांनी ते नसलेले वांगे हातात घेतले, उलटे केले, देठ पाहिला, नाक मुरडले आणि "गुट्रम!" असे म्हणून ते परत टोपलीत फेकले. त्या 'गुट्रम'ने माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझ्या कोवळ्या वांग्याला हा माणूस किडके म्हणतो! पुढची पाच मिनिटे आम्ही असे कडाकडा भांडलो, की शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

भांडण संपले तेव्हा मी घामाघूम झाले होते. आणि मग ध्यानात आले, की त्या पाच मिनिटांत मनातले परीक्षक एक अक्षर बोलले नव्हते. बोलणार कसे? त्या भाषेत शुद्ध नव्हते, अशुद्ध नव्हते, पाल्हाळ नव्हते आणि पुनरुक्तीही नव्हती. तिथे होते फक्त एक वांगे आणि ते न घेणारा एक माणूस.

हे खेळ व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंच्या परंपरेतले. त्या १९०६ साली जन्मल्या आणि १९९४ साली गेल्या. शिकागोत मुलांना आणि हौशी लोकांना नाटक शिकवताना त्यांनी खेळांचाच आधार घेतला आणि १९६३ साली त्यावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे एक म्हणणे ताईंनी आम्हांला सांगितले, ते माझ्या मनात घर करून राहिले. माणसाच्या मोकळेपणाच्या आड नापसंती येते, हे आपल्याला ठाऊक असते. पण शाबासकीही तितकीच आड येते, असे त्या मानीत. दुसऱ्याच्या मताकडे डोळे लागले, की हातातल्या खेळावरचे ध्यान उडते. मी हे ऐकले आणि गप्प बसले. शाबासकी आणि नापसंती या दोन मालांचे दुकान मी वीस वर्षे चालवते आहे. दुकानदाराच्या कपड्यांना मालाचा वास लागायचाच.

तसे पाहिले, तर हे शिकायला शिकागोला जायची गरज नव्हती. आमच्या गावच्या जत्रेत दशावतार होई. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान ठरते, राजा कोण, राक्षस कोण ते ठरते आणि बाकीचे सारे उभ्या उभ्या रचायचे. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री मुकुट चढवून राजा होई आणि समोरच्याच्या प्रत्येक बोलाला तिथल्या तिथे उत्तर देई. पहाटेला खेळ संपला, की पेटारा उचलून मंडळी पुढच्या गावाला. लोकसाहित्याच्या पेपरात यावर पाच गुणांची टीप असते. 'संवाद उत्स्फूर्त असतात' एवढे लिहिले, की मी त्यातले दोन गुण देते. पण त्या माणसाला उत्तर सुचते कसे, हा प्रश्न पेपरात कधी आला नाही.

त्याचे उत्तर मला आरशाच्या खेळात मिळाले. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे. एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने आरसा व्हायचे. मग उलट. आणि शेवटी कुणीच पुढारी नाही, दोघेही आरसे. माझ्यासमोर ती नर्स होती. रात्रभर जागून आलेली, डोळे तांबारलेले. तिचा हात उठला की माझा उठला, की माझा उठला म्हणून तिचा, ते थोड्या वेळाने दोघींनाही सांगता येईना. ताईंनी थांबवले तेव्हा मला पुढे काय करायचे याची चिंता मुळी नव्हतीच. पुढचे सगळे तिच्या हातांतून येत होते. दशावतारातल्या राजालाही असेच होत असले पाहिजे. तो आपल्या वाक्याच्या शोधात नसतोच. तो समोरच्याचे ऐकत असतो.

सहाव्या रविवारी ताईंनी पिनेची गोष्ट सांगितली. ती स्तानिस्लाव्स्की या रशियन नाट्याचार्यांच्या पुस्तकातली आहे. ते पुस्तक १९३६ साली इंग्रजीत निघाले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणणाऱ्या नाट्यमन्वंतरातल्या के. नारायण काळे यांनी ते 'अभिनयसाधना' या नावाने मराठीत आणले. एका नाट्यशाळेतल्या विद्यार्थ्याच्या टिपणांच्या रूपात ते लिहिलेले आहे. त्यात मारिया नावाची एक विद्यार्थिनी आहे. गुरुजी तिला प्रसंग देतात: तुझ्या घरची आवक बंद झाली आहे, फी भरली नाही तर शाळा सुटणार. एका मैत्रिणीने तुला आपला मौल्यवान ब्रोच देऊ केला आहे. ब्रोच म्हणजे आपल्या साडीपिनेचाच श्रीमंत अवतार. तू तो घेईनास, म्हणून तिने तो या पडद्याच्या घडीत खोचून ठेवला आहे. जा, शोध.

मारिया रंगमंचावर धावत जाते. पडदे ओढते, डोके धरते, छाती पिटते, विव्हळते आणि मोठ्या समाधानाने खाली येते. गुरुजी विचारतात, "छान. ब्रोच कुठे आहे?" ती म्हणते, "अगं बाई! ते विसरलेच!" मग गुरुजी सांगतात, की तो खरोखरच तिथे आहे, शोध, नाही तर शाळा सोडावी लागेल. आता मारिया परत जाते. ना विव्हळणे, ना छाती पिटणे. ती पडद्याची एकेक घडी हातांनी चाचपत जाते. सगळे विद्यार्थी श्वास रोखून पाहत राहतात. गंमत म्हणजे तिला स्वतःला पहिली वेळच अधिक आवडलेली असते!

या गुरुजींनाही स्वतःची पिन एकदा हरवली होती. मॉस्को आर्ट थिएटर १८९८ साली स्थापन झाले, ते स्तानिस्लाव्स्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को या दोघांनी केले. चेखॉव्हच्या नाटकांनी त्याचे नाव झाले. पण १९०४ साली चेखॉव्ह गेले. १९०५ साली काढलेला प्रयोगशील स्टुडिओ लोकांपुढे येण्यापूर्वीच बंद करावा लागला. १९०६ साली मंडळी जर्मनीत गाजून परतली खरी. परंतु त्याच उन्हाळ्यात स्तानिस्लाव्स्की फिनलंडच्या समुद्रकाठी एका खडकावर बसून विचार करीत राहिले, की आपल्याला अभिनयातला आनंद का उरला नाही? इब्सेनच्या नाटकातले डॉ. स्टॉकमन ही त्यांची आवडती भूमिका. १९०० साली ती पहिल्यांदा उभी केली तेव्हा तिच्यात जीव होता. आता लकबी तेवढ्या राहिल्या होत्या. चालणे तेच, बोटे पुढे करणे तेच. आत काही नाही. त्यांच्या ध्यानात आले, की शरीराला सवय लागली आणि जिच्यातून ते सारे उगवले ती आठवण मागे पडली. प्रतिभेला हुकूम सोडता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण ती यावी म्हणून जमीन तरी नांगरून ठेवता येईल का? या प्रश्नाच्या मागे ते पुढे १९३८ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, लागले. आज जगभर अभिनय शिकवताना ज्या पद्धतीचे नाव निघते, तिचा उगम या बसण्यात आहे. त्या वेळी ते त्रेचाळीस वर्षांचे होते. माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान! हा हिशेब मी घरी येऊन यजमानांना ऐकवला, तेव्हा गुडघ्यांचा विषय कायमचा बंद झाला.

नवव्या रविवारी ताई म्हणाल्या, "घरातल्या कुणाही माणसाचं रोजचं एक काम करून दाखवा. भाव नको. काम." कुणी आईचे दळण निवडले, कुणी आजोबांची दाढी. मी बाबांचा गठ्ठा निवडला. शाळेच्या कपाटातली जुनी रद्दी टेबलावर ठेवली. नर्सला पायरीवरची बाई म्हणून उभे केले. आणि मी बाबा झाले. खांदे पाडले, एक निःश्वास सोडला, कागद हळूहळू उलटले आणि अतीव करुणेने मान हलवली.

ताई म्हणाल्या, "पिन कुठे आहे?"

मी गप्प.

"त्या बाईचं नाव काय?"

ते मला माहीत नव्हते. सहा वर्षे मी तिला पायरीवर उभी करून ठेवली होती आणि तिला नाव दिले नव्हते. नर्स हळूच म्हणाली, "पार्वती म्हणा." ताईंनी तो गठ्ठा उचलला, माझ्याकडे पाठ करून काहीतरी केले आणि परत ठेवला. "यांतल्या एका कागदावर कदाचित ते नाव लिहिलं असेल; कदाचित नसेलही. मला ठाऊक आहे, तुम्हांला नाही. शोधा."

मी शोधू लागले. पहिला कागद, दुसरा, तिसरा. वरचे नाव वाचायचे, मागे बघायचे, बाजूला ठेवायचा. दोन कागद एकमेकांना चिकटले होते, ते नखाने सोडवले. सभागृहात कोण आहे, कोण पाहते आहे, आपले खांदे कसे आहेत, कशाचेच भान नव्हते. गठ्ठा संपला. नाव नव्हते. मी मान वर केली. समोर ती दमलेली बाई उभी होती. तिने काही विचारले नाही, ती हललीही नाही. आणि मी तो गठ्ठा पुन्हा ओढला व तळापासून चाळायला घेतला. मला कुणी सांगितले नव्हते. एखादा कागद दुसऱ्याला चिकटून राहिला असेल, असे मला खरोखरच वाटले.

आईने जे सांगितले नव्हते, ते त्या क्षणी मला कळले. बाबा दुसऱ्यांदा गठ्ठा चाळीत, ते त्या बाईच्या समाधानासाठी नव्हे. त्यांनाही आशा होती. थैली आपण उघडली, मोजली, नोंदवली. तरीही पायरीवरच्या चेहऱ्याकडे पाहिले, की स्वतःच्या मोजण्यावरचा त्यांचा विश्वास उडे. माझी कथा सहा वर्षे याच्यासाठी खोळंबली होती.

मी रडले वगैरे नाही. जागेवर जाऊन बसले. शेजारी काका होते. ते समोर पाहतच म्हणाले, "काउंटरवर असताना मीसुद्धा असंच करायचो. पेन्शन जमा झाली का, म्हणून म्हातारी माणसं येत. खात्यात शिल्लक दिसत असायची. तरी पान एकदा पुढे, एकदा मागे."

त्या रात्री मी दहा वाजता लिहायला बसले. पहिले वाक्य होते, 'थैली आली.' दुसऱ्या पानाच्या सुमारास परीक्षक आलेच. सवयीचे माणूस, येणारच. मी त्यांना म्हटले, "जरा थांबा, मी शोधते आहे." ते थांबले. दीड वाजला तेव्हा नऊ पाने झाली होती. तीन आठवड्यांत कथा पुरी झाली. ती थोर आहे असे नाही. पण 'खिन्न' हा शब्द तिच्यात एकदाही नाही, हे मात्र अभिमानाने सांगते.

मे महिन्यात गावी गेले, तेव्हा ती आईला वाचून दाखवली. तिने पुरी ऐकून घेतली. बराच वेळ पडवीतल्या त्या कोपऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सगळं बरोबर. पाण्याची वाटी राहिली."

"कसली वाटी?"

"बोट भिजवायला. डाव्या हाताला असायची. त्याशिवाय त्यांना कागद उलटता येत नसे."

एरवी अशा एका वाक्याने माझी चार वर्षे गेली असती. मी तिथेच पेन मागून घेतले आणि ती वाटी टेबलाच्या डाव्या हाताला ठेवली.

मला वाटते, 'आत्मविश्वास' हा शब्दच आपल्याला चकवतो. त्यात 'आत्म' आधी येतो. म्हणून आपण आधी स्वतःकडे पाहू लागतो. मला येते का? मला जमेल का? मला पूर्वीसारखे सुचते का? जितके पाहावे तितके ते आटत जाते. बारा रविवारांत मला कुणी 'तुम्ही उत्तम लेखिका आहात' असे सांगितले नाही. मी लिहिते, हे तिथे बहुतेकांना माहीतही नव्हते. तिथे त्यांनी एवढेच केले, की माझे डोळे माझ्यावरून उचलून दुसऱ्या कशावर तरी ठेवले. एका वांग्यावर, एका नर्सच्या हातावर, कागदाच्या एका गठ्ठ्यावर. डोळे तिकडे लागले, की हात आपोआप मोकळे होतात. आधी विश्वास आणि मग काम, असा तो क्रम नव्हेच.

माझ्या तासांतही थोडा फरक पडला आहे. 'माझी आई' या विषयावर निबंध द्यायचे मी सोडले. त्याऐवजी सांगते, आई रात्री झोपण्यापूर्वी शेवटचे काम कोणते करते, ते लिहा. फक्त काम. पूर्वी वात्सल्यसिंधू आणि त्यागमूर्ती यांनी वह्या भरून येत. आता एका मुलीने लिहिले, की तिची आई गॅस बंद केला की नाही ते तीनदा पाहते आणि तिसऱ्यांदा नळीवर हात फिरवून मग दिवा घालवते. समासात काय लिहावे, ते मला सुचेना. लाल पेन टोपण लावून बाजूला ठेवले आणि ती ओळ परत वाचली.

दिवाळीच्या आधी घरोघर माळे झाडले जातात. एखाद्या घरात वर्षानुवर्षे न उघडलेली पेटी निघते, एखाद्या घरात रंग सुकलेली डबी, एखाद्या घरात अर्धवट विणलेला स्वेटर. "आता कुठे जमतंय!" असे म्हणत ती वस्तू पुसून पुन्हा वर जाते. ती वर ठेवू नये, एवढेच मला सुचवायचे आहे. जमते की नाही, हा प्रश्न दोन दिवस बाजूला असू द्यावा. पेटीचा भाता उघडावा आणि कोणता सूर बसला आहे, तेवढे शोधायला लागावे. नीट शोधावे, चिकटलेले कागद नखाने सोडवावेत. नाही सापडले, तर तळापासून पुन्हा.